डोंगरावरची माती राखायचा खर्च कुणी करायचा? नाशिक जिल्हा नियोजन समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, नाशिक

विषय: डोंगरउतारावरच्या अल्पभूधारक शेतकऱ्यांना बांधबंदिस्तीसाठी आणि तिच्या देखभालीसाठी नियमित मोबदला मिळण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

मी नाशिकमध्ये एका शाळेत गणित शिकवतो. घर त्र्यंबकेश्वर तालुक्यात, काश्यपी नदीच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर. शेती आई आणि धाकटा भाऊ करतात. खाली खाचरात थोडं भात, वर उतारावर नागली (नाचणी), वरई, कडेकडेने उडीद आणि खुरासणी. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी आणि कळवणचा डोंगराळ भाग धरला तर आमच्यासारखी घरं हजारोंनी आहेत. हे पत्र त्या घरांच्या हिशेबाबद्दल आहे.

मृदसंधारणाच्या बैठकांना मी जमेल तसा जाऊन बसतो. तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं: शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही. मला हे मान्य नाही. माझ्या आईला शाळेचं तोंड पाहायला मिळालं नाही, पण आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसात ओहोळाचं पाणी कोणत्या रंगाचं झालं यावरून कुणाच्या शेतातली माती चालली आहे हे ती सांगते. आजोबांनी रचलेली दगडी ताल, म्हणजे माती अडवणारा दगडांचा बांध, अजून उभी आहे. माती जाते हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. ती थांबवण्याचा खर्च आणि त्यातून मिळणारं उत्पन्न यांचा मेळ बसत नाही, म्हणून बांध होत नाहीत. हा मेळ बसवणं तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

एक एकराचा हिशेब मांडतो. शेत चौरस धरलं तर एक बाजू साधारण ६३ मीटर. उतार शंभराला दहा, म्हणजे आमच्याकडच्या मानाने बराच सौम्य. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत सहा मीटरहून थोडा जास्त उतार. दर मीटर उतरणीला एक बांध घालायचा म्हटलं तर सहा बांध, मिळून ३८० मीटर लांबी. पायथा चार फूट, माथा एक फूट, उंची दीड फूट असा साधा मातीचा बांध धरा. १३० घनमीटरच्या आसपास माती हलवावी लागते. मुरमाड जमिनीत एक माणूस दिवसाला पावणेदोन घनमीटर काम करतो असं धरलं तर ७५ दिवस लागतात. २०२५-२६ च्या रोजगार हमीच्या दराने, म्हणजे ३१२ रुपयांनी, त्याचे २३,४०० रुपये होतात.

आता त्याच एकराचं उत्पन्न बघा. उतारावरच्या नागलीला चांगल्या सालात चार क्विंटल धरू. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता. सगळी नागली विकली, आणि तीही हमीभावाने विकली, तरी साडेएकोणीस हजार येतात. प्रत्यक्षात बहुतेक नागली घरातच भाकरीला लागते. म्हणजे एका एकरावरचे बांध घालायला वर्षभराच्या अख्ख्या पिकाहून जास्त खर्च येतो, आणि त्यातून बी, राब (रोपांसाठी जमीन भाजणं), आवणी (लावणी), बेणणी (निंदणी) यांची मजुरी अजून वजा केलेली नाही.

खर्च इथे संपत नाही. त्या बांधांखाली साडेचार गुंठे जमीन जाते. चाळीस गुंठ्यांतले साडेचार गुंठे म्हणजे अकरा टक्के. ज्याच्याकडे वीस एकर आहे त्याला हे जाणवणार नाही. ज्याच्याकडे दीड एकर आहे त्याच्या घरात तेवढ्याने पंचेचाळीस किलो नागली एकरामागे कमी येते, आणि ती त्याच वर्षी कमी येते. त्यात पहिली एक-दोन वर्षं बांधालगतचा पट्टा नीट पिकत नाही, कारण खोदताना खालचा मुरूम वर आलेला असतो. बांधामागे माती साठते, ओल टिकते, पीक सुधारतं, पण त्याला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. समजा, तिसऱ्या वर्षापासून उरलेल्या जमिनीवर पंचवीस टक्के वाढ मिळाली. ही मी मुद्दाम उदार धरली आहे. बांधात गेलेली जमीन वजा केली की हातात जास्तीची चाळीसेक किलो नागली उरते, दोन हजार रुपयांची. तेवीस हजार घालून वर्षाला दोन हजार. गावात खाजगी कर्जाला शेकडा दोन रुपये महिना व्याज पडतं. तेवीस हजारांचं नुसतं व्याजच वर्षाला साडेपाच हजारांच्या वर जातं. असा प्रस्ताव घेऊन कुणी बँकेत गेलं तर बँक त्याला परत पाठवील, आणि बरोबर करील. मग माझ्या भावाने स्वतःच्या खिशातून बांध घातले नाहीत म्हणून त्याला अडाणी का म्हणायचं?

हा हिशेब शंभराला दहा उताराचा आहे. उतार शंभराला वीस झाला की बांध पाच-पाच मीटरवर येतात, लांबी दुप्पट, खर्च दुप्पट, आणि नऊ गुंठे जमीन बांधात जाते. नागली-वरईची बरीच जमीन याहूनही तीव्र उतारावर आहे.

उलटा प्रश्नही विचारायला हवा. माती गेली तर शेतकऱ्याचं नुकसान किती? एका एकरावरून एक मिलिमीटर थर गेला म्हणजे चार घनमीटर, पाच टनांहून जास्त माती गेली. तिच्याबरोबर तीनेक किलो नत्र जातं. तेवढं नत्र सात किलो युरियात मिळतं, आणि ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना येते. म्हणजे पाच टन माती वाहून गेली आणि बाजाराच्या हिशेबाने नुकसान झालं फक्त चाळीस रुपयांचं! खतावरच्या अनुदानाने शेतकऱ्याला मोठा आधार मिळाला हे खरं, पण त्यामुळेच मातीची झीज वर्षानुवर्षं दिसेनाशी झाली. मूठभर युरिया जास्त टाकला की पान हिरवं दिसतं.

खरं नुकसान खोलीचं आहे. आमच्याकडे उतारावर मातीचा थर कुठे वीतभर, कुठे तेवढाही नाही. खाली थेट मुरूम आणि काळा कातळ. वीतभर मातीत पिकाला घेता येईल असं पाणी पंचवीस-तीस मिलिमीटर मावतं. पाऊस उघडला आणि ऊन पडलं की पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी ओढतं. पाच-सहा दिवसांत माती कोरडी. दोन बोटं माती कमी झाली की त्यातला एक दिवस कमी होतो. भाद्रपदात नागलीचं कणीस भरत असताना आठ दिवसांची उघडीप पडली, तर वीतभर माती असलेलं शेत थोडंफार तग धरतं आणि चार बोटं माती गेलेलं शेत पळींजाने (पोचट दाण्यांनी) भरतं. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या इगतपुरीतही पीक पाण्यावाचून जातं, हे बाहेरच्यांना पटत नाही. त्याचं कारण या थरात आहे. पण हे नुकसान दरवर्षी दिसत नाही. ते पाचदहा वर्षांतून एकदा, आणि मग वरचेवर दिसू लागतं. तोवर त्या घरातली तरुण पोरं कायमची दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे गेलेली असतात.

आता समितीतल्या शहराच्या प्रतिनिधींना थोडं विचारायचं आहे. आमच्या शेतातून निघालेली माती कुठे जाते? काश्यपी, गौतमी आणि गोदावरी या तिन्ही नद्यांचं पाणी गंगापूर धरणात येतं. त्या धरणाची मूळ साठवण क्षमता ७,२०० दशलक्ष घनफूट होती. आज ती ५,६३० धरली जाते. गाळाने १,५७० दशलक्ष घनफूट जागा घेतली, म्हणजे मूळ क्षमतेच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. हे ज्या धरणातून नाशिक शहर पाणी पितं त्याच धरणाबद्दल आहे.

सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आपल्याला माहीत आहेच. तिच्यात गाळ काढायला घनमीटरमागे ३१ रुपये आणि तो शेतात नेऊन पसरणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्याला घनमीटरमागे ३५ रुपये ७५ पैसे देण्याची तरतूद आहे. एकराला १५,००० रुपयांपर्यंत आणि अडीच एकरांना ३७,५०० रुपयांपर्यंत. योजना चांगली आहे, तिला माझा विरोध नाही. पण त्याच दराने गंगापूरचा गाळ मोजून पाहा. १,५७० दशलक्ष घनफूट म्हणजे साडेचार कोटी घनमीटरच्या जवळपास. दोन्ही दर मिळून ६६ रुपये ७५ पैसे. तेवढा गाळ काढून वाटायचा म्हटलं तर ३०० कोटी रुपये होतात. खाली गेलेली माती उचलून पसरणाऱ्याला सरकार घनमीटरने पैसे देतं. तीच माती वर धरून ठेवणाऱ्याला काय देतं? बांध एकदाचा घातला गेलाच तर मजुरी. त्यानंतर काही नाही.

गंगापूरमधला सगळा गाळ नागलीच्या शेतातून आला असं मी म्हणत नाही. रस्त्यांसाठी फोडलेल्या टेकड्या, मुरमाच्या खाणी, त्र्यंबक रस्त्यालगत प्लॉट पाडण्यासाठी केलेलं सपाटीकरण, या सगळ्याची माती त्याच पाण्यात जाते, आणि तिच्यावर निर्बंध आणणं हा स्वतंत्र आणि तातडीचा विषय आहे. देशभराचा सरासरी अंदाज घेतला तर हेक्टरी वर्षाला १६.४ टन माती हलते. झिजलेल्या मातीपैकी २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के जलाशयांत बसते आणि उरलेली जागा बदलते. डोंगरउतारावर, चार महिन्यांत दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या उघड्या शेतात ही झीज सरासरीहून जास्त असणार हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पेठ आणि सुरगाण्याचं बरंचसं पाणी दमणगंगा आणि पार-नारमधून गुजरातकडे उतरतं. तिथली माती नाशिकच्या धरणात बसत नाही, म्हणून त्या शेतकऱ्यांचा भार राज्याने घ्यावा. पण गोदावरीच्या उगमाकडचा भार नाशिकने उचलणं न्यायाचं आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदाकाठावर मोठा खर्च होतो आहे. त्याच नदीच्या माथ्यावर दीड एकरवाल्याने स्वतःच्या ताटातली नागली कमी करून शहराचं धरण गाळापासून वाचवावं अशी अपेक्षा आपण धरून बसलो आहोत.

आता आजवर झालेल्या कामांविषयी, कारण पैसा अजिबात आला नाही असं नाही. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यापासून ते रोजगार हमी, पाणलोट कार्यक्रम आणि जलयुक्त शिवारपर्यंत बांधबंदिस्तीच्या योजना येतच राहिल्या. आमच्या शेतातही काही वर्षांपूर्वी एका योजनेतून यंत्राने बांध ओढले गेले. मी तेव्हा सुटीत घरी होतो. यंत्रचालकाला दिवसाला ठरावीक मीटर पूर्ण करायचे होते. त्याने समपातळी न काढता नजरेने रेघ धरली आणि वरची काळी माती खरवडून तिचाच बांध केला. पिकाला राहिला मुरूम, आणि जी माती राखायची तीच बांधात गेली. सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी सुरक्षित जायची वाट, कुठेही नव्हता. जुलैत वरच्या शेतातलं पाणी आलं, बांधाच्या सखल जागी साचलं आणि तिथून बांध फुटला. फुटलेल्या जागेतून जी घळ पडली ती आधी नव्हतीच. कागदावर ते काम पूर्ण आहे.

शेजारीच आजोबांची ताल आहे. तिची रचना बघण्यासारखी आहे. पाया मुरूम लागेपर्यंत खोदलेला. सगळ्यांत मोठे धोंडे तळाला, लांब बाजू आत डोंगराकडे घालून. प्रत्येक थर वर जाताना थोडा आत रेललेला. धोंड्यांमधल्या फटी चिपांनी घट्ट बसवलेल्या, म्हणजे पाणी झिरपून जातं आणि माती मागे राहते. एका टोकाला दगड अंथरलेला सांडवा, खालच्या तालीचा सांडवा विरुद्ध टोकाला, म्हणजे पाणी शेत ओलांडून सावकाश उतरतं. आमच्या पावसात पाणी अडवून धरायचं नसतं. ते माती न घेता खाली उतरवायचं असतं. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या कमी पावसाच्या गावांनी पाणी अडवून जे करून दाखवलं ते मोठं काम आहे, पण तिथलं अंदाजपत्रक जसंच्या तसं त्र्यंबक-सुरगाण्याला लावलं की बांध फुटतात. इथे हलका ढाळ दिलेले बांध आणि पक्के सांडवे लागतात. समपातळी काढायलाही मोठी साधनं लागत नाहीत. तीन बांबू ए आकारात बांधायचे, मधोमध दोरीला दगड लोंबता ठेवायचा, दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. अशी चौकट घेऊन माझा भाऊ आणि चुलतभाऊ एका दिवसात एकरभर रेघा आखतात.

त्याहून स्वस्त उपाय गवताचा आहे. तीव्र उतारावर मातीचा बांध घालण्यापेक्षा समपातळीत वाळ्याची किंवा मारवेलची दाट पट्टी लावली, की नांगरटीबरोबर खाली सरकणारी माती तिच्यामागे साठत जाते आणि काही वर्षांत आपोआप पायरी तयार होते. जमीन कमी जाते, मजुरी थोडी लागते, जनावराला चारा मिळतो. मग योजनांमध्ये हे का दिसत नाही? कारण मोजमाप पुस्तिकेत घनमीटर भरावे लागतात. खोदलेली माती मोजता येते. थांबलेल्या मातीचा रकाना तिथे नाही. कमी खोदून जास्त माती वाचवणाऱ्या कामाला आपल्या पद्धतीत कमी पैसे मिळतात. हे बदलल्याशिवाय बाकीच्या सुधारणांना फारसा अर्थ राहणार नाही असं मला वाटतं.

मजुरीच्या वेळेचंही बघावं लागेल. बांधाचं काम पीक निघाल्यावर, म्हणजे पौषापासून वैशाखापर्यंत करायचं. नेमकी तेव्हा माणसं गावात नसतात. ऑक्टोबरच्या छाटणीपासून द्राक्षं उतरेपर्यंत आमच्याकडची घरंच्या घरं दिंडोरी-निफाडला असतात. तिथे मजुरी हमीच्या दरापेक्षा जास्त आणि आठवडे बाजाराच्या आधी रोख हातात. रोजगार हमीत कायद्याने पंधरा दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण ते कधी जमा होतील याचा भरवसा कुणी देत नाही. स्वतःच्या शेताचा बांध सोडून दुसऱ्याच्या बागेत जाणारा माणूस आळशी नसतो, त्याच्या घरात मीठमिरचीला पैसे नसतात. हजेरीपट वेळेवर निघाला आणि पैसे आठवड्याला मिळाले, तर आमच्या पाड्यावरची निम्मी माणसं जानेवारीत घरी थांबतील.

बांध शेतकऱ्याला परवडेल कधी? बांधावरच उत्पन्न आलं की. वरच्या हिशेबातल्या ३८० मीटर बांधावर दोन-दोन फुटांवर तूर टोकली तर सहाशेच्या वर झाडं होतात. झाडामागे फक्त पन्नास ग्रॅम धरले तरी तीस किलो तूर. २०२५-२६ च्या ८,००० रुपये हमीभावाने २,४०० रुपये. म्हणजे बांधाने नागलीत जेवढी भर घातली त्याहून जास्त उत्पन्न बांधाच्या माथ्यावरून आलं, आणि गेलेली साडेचार गुंठे जमीनही कामाला लागली. गवत, शेवगा, कलमी आंबा धरला तर आणखी भर. पेठ-सुरगाण्यातल्या आंब्याच्या वाड्यांनी हेच दाखवलं: झाड पैसे देऊ लागलं की शेतकरी झाडाखालचा ओटा आणि बांध न सांगता सांभाळतो. सापुताऱ्याच्या वाटेवर बोरगावकडे हिवाळ्यात पाणी आहे तिथे स्ट्रॉबेरी आली, आणि तिच्यामागोमाग उतार सपाट करून वाफे केले गेले. जिथे मातीतून रोख पैसा येतो तिथे माती राखायला प्रबोधन लागत नाही.

पण तुरीत एक अडचण आहे. नागली आणि भात निघाले की आमच्याकडे गुरं मोकळी सुटतात. तूर तेव्हा फुला-शेंगांत असते. एकट्याने तूर लावली तर ती गावाच्या गुरांनी खाल्ली म्हणून समजा. चराईबंदी एकट्याला करता येत नाही, ती ग्रामसभेने करावी लागते, आणि ज्याच्याकडे जमीन नाही पण चार शेळ्या आहेत त्याच्या चाऱ्याची सोय आधी करूनच करावी लागते. बांधाचंही तसंच. वरच्या शेतकऱ्याने पाण्याला वाट दिली नाही तर खालच्याचा बांध फुटतो. म्हणून काम गट नंबरवार न वाटता एकेक ओहोळ माथ्यापासून पायथ्यापर्यंत एका वेळी घ्यावा.

वनपट्ट्यांबद्दल दोन शब्द. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्यांत बहुसंख्य आमच्या या तालुक्यांतले प्लॉटधारक, म्हणजे वनजमीन कसणारे, होते. ज्यांना पट्टा मिळाला त्यांच्या जमिनीवर बांधबंदिस्ती करता येते. ज्यांचा दावा पडून आहे किंवा ज्यांना कसत असलेल्या जमिनीच्या तुकड्यापुरताच पट्टा मिळाला आहे, त्यांना उरलेल्या जमिनीवर कुदळ मारली की अडवलं जातं. वनहक्क कायद्याच्या नियमांमध्ये तर सपाटीकरण, बांध, बंधारे यांसारख्या कायमस्वरूपी सुधारणा हा ताब्याचा पुरावा म्हणून मान्य केलेला आहे. उद्या जमीन राहील की नाही याची खात्री नसलेला माणूस दहा वर्षांनी फळ देणारं काम करणार नाही. सगळ्यांत तीव्र उताराच्या आणि सगळ्यांत जास्त झिजणाऱ्या जमिनी याच आहेत. प्रलंबित दाव्यांचा निपटारा हे मृदसंधारणाचं काम आहे असं समजून तो व्हावा.

माझी मागणी अशी. पहिल्या टप्प्यात गंगापूरच्या पाणलोटातला, शक्यतो काश्यपीच्या वरचा, हजार एकरांचा उतार निवडावा. बांध, ताली, मजगी (उतारावर पायऱ्या काढणं) आणि गवतपट्ट्या यांची मजुरी रोजगार हमीतून पूर्ण द्यावी, हातांनी केलेल्या कामाला प्राधान्य द्यावं आणि यंत्र लागलंच तर सांडव्याच्या दगडकामापुरतं वापरावं. डोंगराळ भागासाठी पाणलोट कार्यक्रमाचा हेक्टरी २८,००० रुपयांचा खर्चमापदंड एकरी अकरा हजारांच्या आसपास येतो. नुसते बांधच तेवीस हजारांचे असताना एका योजनेत हे बसणार नाही, म्हणून दोन-तीन योजनांचा निधी एकत्र करण्याचा निर्णय समितीनेच घ्यावा लागेल. तुरीचं आणि गवताच्या ठोंबांचं बियाणं पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना थेट मिळणाऱ्या पाच टक्के अबंध निधीतून घेता येईल.

यापेक्षाही महत्त्वाची मागणी देखभालीची आहे. सलग पाच वर्षं, एकरामागे वर्षाला दीड हजार रुपये, म्हणजे जेमतेम पाच दिवसांची मजुरी, ज्याचा बांध पावसाळ्यानंतर शाबूत आहे त्याला द्यावी. तपासणी दसरा-दिवाळीच्या दरम्यान ग्रामसभेने शिवारफेरी काढून करावी, तिथल्या तिथे यादी वाचून दाखवावी आणि त्या यादीवर पैसे जमा व्हावेत. आपल्या पाड्यावर कुणाचा बांध फुटला आणि कुणी तो बुजवला हे गावापासून लपत नाही. पैसे खोदलेल्या घनमीटरला न देता उभ्या असलेल्या बांधाला द्यावेत, मग तो गवताचा असो की दगडाचा. हजार एकरांना वर्षाला पंधरा लाख, पाच वर्षांत पंचाहत्तर लाख. यातला अर्धा वाटा नाशिक महानगरपालिकेने आणि धरणाचं पाणी घेणाऱ्या उद्योगांनी उचलावा, कारण धरणाची वाचलेली जागा त्यांच्या उपयोगाची आहे.

वर्षाला दीड हजार रुपयांत कुणाचा संसार चालत नाही याची मला जाणीव आहे. पण वरच्या हिशेबात तो आकडा घालून पाहा. मजुरी योजनेतून मिळाली, बांधावर तूर आली, नागलीत थोडी भर पडली आणि देखभालीचे दीड हजार आले, तर पहिल्या दोन वर्षांत कमी आलेली पंचेचाळीस किलो नागली भरून निघते आणि तिसऱ्या वर्षापासून एकरामागे पाच-सहा हजार जास्तीचे हातात राहतात. एवढ्यावर माझा भाऊ बांध घालील. त्याने तसं मला सांगितलं आहे, आणि पाड्यावरच्या आणखी बऱ्याच घरांनीही.

पुढच्या वर्षीच्या वार्षिक आराखड्याची बैठक होईल तेव्हा हा विषय कार्यसूचीवर घ्यावा आणि त्या बैठकीला काश्यपी खोऱ्यातल्या ग्रामसभांच्या प्रतिनिधींना बोलवावं. या पत्रातले आकडे मोजून दाखवायला मी शाळेला रजा टाकून येईन. कुठला आकडा चुकीचा वाटला तर आमच्या शेतात येऊन फीत लावून मोजावा. कामांची मंजुरी डिसेंबरच्या आत मिळाली तरच ती पुढच्या पावसाळ्याआधी पूर्ण होऊ शकतील. त्यानंतर माणसं बागांकडे निघून गेलेली असतात.

आपला विश्वासू,
काश्यपी खोऱ्यातला एक शेतकरीपुत्र व शिक्षक, नाशिक